सुरम्याचा डोळा

कल्याणच्या बाजारात अत्तर आणि सुरमा विकणारा एक म्हातारा बसायचा. त्याच्याकडे रविवारच्या रविवारी धोतर, काळा कोट आणि काळी टोपी अशा थाटात एक गिऱ्हाईक यायचं. ते म्हणजे आमच्या ठाण्याच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर. पुडीतल्या तयार सुरम्याला ते हात लावत नसत. "पूड नको, खडा दाखव," म्हणायचे आणि तो काळा चकचकीत खडा उन्हात धरून भिंगातून असा निरखायचे की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकंही थांबून बघायची. हा माणूस नेतो तरी किती सुरमा, हे कोडं म्हाताऱ्याला सुटेना. शेवटी एकदा त्यानं अदबीनं विचारलं, "मास्टरजी, बेगमसाहिबा की आँखें हैं कितनी बड़ी?"

मास्तरांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "इतनी. और एक ही है."

मास्तरांच्या दृष्टीनं हे उत्तर अगदी काटेकोर होतं. ऐकणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करायची त्यांना सवयच नव्हती.

डोळा त्यांना खरोखरच करायचा होता, पण बेगमसाहिबांचा नव्हे, सैन्याचा. तांबड्या रंगाच्या अलीकडे आणखी एक रंग असतो, तो माणसाला दिसत नाही, पण तापलेली प्रत्येक वस्तू काळोखातसुद्धा त्या रंगात झळकत असते, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते शाळेच्या पाणवठ्यावर, हातातलं भांडं तसंच धरून. माझी तहान तेवढ्यात दोनदा येऊन गेली. सुरम्याचा खडा म्हणजे शिसं आणि गंधक. एखाद्या खड्यावर तो न दिसणारा रंग पडला की त्यातून वीज जरा सोपी वाहते आणि काटा हलतो. झाला डोळा. फक्त एवढंच, की शंभरात एखादाच खडा बघणारा निघतो. बाकीचे आंधळे.

"आज सगळे आंधळे निघाले हो," असं ते शिक्षकांच्या खोलीत हताशपणे म्हणायचे, आणि आमचे हेडमास्तर दरवेळी विचारायचे, "कोणता वर्ग?"

तो डोळा सैन्यात गेला नाही, हे मी आधीच सांगून टाकते. उगीच कुणी शेवटपर्यंत आशा धरून बसायला नको. पण म्हणून माणूस फुकट गेला असं समजू नका.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा लग्न व्हायचं होतं, आवाज मोठा होता आणि व्याकरणाची घमेंड आवाजाहून मोठी होती. कोपरीत मावशीकडे राहायचे. भिंतीला भिंत लागून मास्तरांचं आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, बिऱ्हाड. शाळेत ते मला 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'सर', पण माघारी सगळी शाळा त्यांना धगमास्तर म्हणायची. हे नाव पडलं ते माझ्यामुळे. म्हणजे झालं असं की, एका दुपारी त्यांनी मला गाठलं.

"बाई, तुम्ही मराठी शिकवता. झळ आणि धग यांत फरक काय?"

"दोन्ही एकच. समानार्थी शब्द," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू पृथ्वी सपाट आहे म्हणाले. "झळ वाऱ्याबरोबर येते. वारा फिरला की झळ फिरते. धग सरळ येते. चुलीसमोर बसा आणि मध्ये सूप धरा. धग तुटली! झळ सुपाला वळसा घालून येईल. आच भांड्याच्या बुडाला लागते. ऊब अंगाची असते. चार शब्द, चार गोष्टी. आपल्या आज्यांना हे कळत होतं आणि तुम्ही समानार्थी म्हणता?"

मला राग आला. मी घरी जाऊन मावशीच्या चुलीसमोर सूप धरून बसले. धग तुटली. दुसऱ्या दिवशी मी हेच सगळं वर्गात माझं म्हणून शिकवलं, पोरांना फार आवडलं, आणि मास्तरांना नाव चिकटलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "झळमास्तर नाही म्हणाले ना? मग बरोबर आहे."

सैन्याचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं लढाईच्या दिवसांत. तेव्हा कल्याणजवळ मोठी छावणी होती. तिथल्या शिपायांच्या पोरांना शिकवायला ते जायचे. ब्रह्मदेशातून परत आलेल्या एका शिपायानं त्यांना सांगितलं की तिथल्या जंगलात रात्री काही दिसायचं नाही, मग आम्ही आवाजावर गोळी झाडायचो. मास्तर ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा पार बदलायचा. "आवाजावर झाडतात हो बाई. आवाज कुणाचाही असतो."

परदेशात काळोखात बघणारं यंत्र निघालंय, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "पण ते उचलायला मोटार लागते आणि विकत घ्यायला एखादं संस्थान विकावं लागतं. आणि आपली संस्थानं तर आताच विलीन झाली." म्हणून मास्तरांची अट अशी: यंत्र पानाच्या डब्यात मावलं पाहिजे आणि छत्रीच्या किमतीत बसलं पाहिजे. डबा म्हणजे उपमा नव्हे. वहिनींच्या माहेरचा पितळी पानाचा डबा एके दिवशी फडताळातून नाहीसा झाला, तो त्यांना पुढे भोकं पाडलेल्या अवस्थेत भेटला. छावणी मोडल्यावर निघालेल्या भंगारातून मास्तरांनी लष्करी मोटारीच्या दिव्याची चकचकीत वाटी आणली होती. ती डब्याच्या तोंडाशी, तिच्या मधोमध नखाएवढा सुरम्याचा खडा, समोर हातानं फिरवायचा पत्र्याचा पंखा, मागे वायरी आणि काटा. रोख धरायचा, पंखा फिरवायचा, काटा वाचायचा.

काटा हलला यावर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांना चित्र पाहिजे होतं. मग ते डबा तसूतसूनं सरकवत आणि काटा हलेल त्या मानानं चौकटीच्या कागदावर शिसपेन्सिलीनं एकेक घर काळं करत. असं पहिलं चित्र काढलं उकळत्या पाण्याच्या किटलीचं. ते दाखवायला त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. चित्रात किटलीचं झाकण काळंभोर, कडी काळी, तोटी बऱ्यापैकी, पोट फिकट आणि बूड अजिबात नाही. हवेत टांगलेलं पागोटं दिसावं तसं ते दिसत होतं.

"खाली काय झालं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"वरून खाली येईपर्यंत निवली," मास्तर म्हणाले. "चित्र बरोबर आहे. किटली चुकली."

हे वाक्य आमच्या शाळेत पुढे बरीच वर्षं चाललं. पोराचं गणित चुकलं की तो म्हणायचा, "उत्तर बरोबर आहे सर, किटली चुकली."

मास्तरांचं हे सगळं चालायचं शाळेच्या मागे, विहिरीपलीकडच्या एका खोलीत. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं. शाळा सुटली की ते आत शिरत आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर बाहेर येत. एकदा शाळेच्या शिपायानं बाहेरून कडी घातली तर त्यांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि तेही शिपायानं माफी मागितली तेव्हा.

वहिनी या सगळ्याला 'ती खोली' म्हणायच्या. पण सुरम्याची बातमी कोपरीत पोहोचली तेव्हा मामला वेगळा झाला. कल्याणला दर रविवारी सुरमा घेतात, एका डोळ्याच्या बेगमसाठी. सांगणाऱ्यानं हुबेहूब सांगितलं. वहिनी रडल्या-बिडल्या नाहीत. त्या चांगलं लुगडं नेसल्या, मला म्हणाल्या, "चल गं," आणि आम्ही दोघी कल्याणला गेलो. म्हाताऱ्यानं सगळी हकीकत अगदी कौतुकानं सांगितली आणि वहिनींकडे बघून गोंधळून गेला, कारण यांना डोळे दोन होते. तिथून आम्ही तडक शाळेत आलो. वहिनींनी खोलीचं दार ढकललं. आत मास्तर गुडघ्यावर बसून एका तापलेल्या इस्त्रीसमोर डबा धरून पंखा फिरवत होते. दार उघडल्यावर त्यांनी वर न बघता सांगितलं, "उजेड येतोय. आत या नाहीतर बाहेर जा."

आम्ही बाहेर आलो. वहिनी विहिरीच्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई असती तर बरं झालं असतं गं. बाईचा कधीतरी कंटाळा तरी येतो."

त्या दिवशी मी हसले, पण मला त्यांची फार दया आली. लग्नाला इतकी वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि संध्याकाळ झाली की ताट वाढून दाराकडे बघत बसायचं. त्यांनी कोपरीच्या गणपतीला नवस बोलला: ती खोली बंद होऊ दे, एकवीस मोदक वाहीन. मला सांगितलं आणि वर बजावलं, ह्यांना सांगू नकोस.

नवस फळायची चिन्हंही दिसू लागली. शाळेच्या चिटणीसांना ढोल आणि लेझमा ठेवायला जागा पाहिजे होती. ते मोठे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी मास्तरांना सांगितलं, "सैन्यासाठी करता ना? मग सैन्यातला कुणी येऊन बघू दे. तो बरं म्हणाला तर खोली तुमची. नाही म्हणाला तर ढोल आत, तुमचं भंगार बाहेर. आणि मग मला परत त्याबद्दल बोलायचं नाही."

मास्तरांनी हे फार सरळ घेतलं. मुंबईतल्या एका लष्करी कचेरीच्या दारात ते शनिवारी अर्धी शाळा सुटली की जाऊन उभे राहू लागले, काखेत पानाचा डबा. पहारेकरी त्यांना ओळखू लागले. शेवटी एक मेजर कंटाळून म्हणाले, "येतो बाबा, पण परत इथं दिसू नका." मेजर आपलेच, देशावरचे, मिशा पांढऱ्या होऊ लागलेले, बोलणं मोजकं.

परीक्षेचा दिवस मास्तरांनी अमावास्येचा धरला. चिटणीस म्हणाले, "अहो, चांगल्या कामाला अमावास्या?" मास्तर म्हणाले, "चंद्र नको." परीक्षा अशी ठरली: मेजरांचा ट्रक शीळफाट्यापर्यंत पळवून तापवून आणायचा, दिवे मालवून मैदानाच्या कडेला झाडीत कुठंही उभा करायचा, आणि मास्तरांनी मैदानाच्या मध्ये बसून डब्यानं तो शोधायचा. शाळेच्या आवारात आगीचा ठिपका नको, अशी मास्तरांची सक्त ताकीद. चिटणीसांच्या खिशातली काड्यापेटी त्यांनी स्वतः काढून घेतली. शाळेच्या शिपायाच्या कानामागची विडी काढली. हा शिपाई जवळच्या मिठागरावरचा आगरी, दणकट माणूस. त्याला त्यांनी दोनदा विचारलं, "कुठं चूल, शेगडी, काही नाही ना?"

"नाय ना मास्तर. कायपन नाय," तो म्हणाला.

काळोख पडला. मैदानाच्या कडेला आम्ही उभे: हेडमास्तर, चिटणीस, मेजर, मी आणि वहिनी. वहिनी कशाला आल्या, असं मी विचारलं नाही. आपला नवस फळताना बघायला आल्या असतील, असं मनात म्हटलं. ट्रक येऊन कुठंतरी थांबल्याचा आवाज आला, पण वारा असा होता की दिशा कळेना. मास्तर मैदानाच्या मध्ये मांडी घालून बसले. पंख्याची किरकिर सुरू झाली. काट्यापुढे हिरव्या रंगानं चमकणारी घड्याळाची तबकडी बांधलेली, तेवढीच एक खूण दिसत होती.

डबा झाडीच्या कडेनं फिरत गेला. मध्येच थांबला. परत मागे आला, परत तिथंच थांबला.

"मिळाला," मास्तर ओरडले. "विहिरीशेजारी!"

मेजर म्हणाले, "विहिरीशेजारी ट्रक नाही. पुन्हा बघा."

मास्तरांनी पुन्हा डबा फिरवला. पुन्हा विहीर. तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा पंख्याची किरकिर अडखळत होती. "चिंचेपाशीही थोडं काहीतरी आहे," ते म्हणाले, "पण विहिरीपाशी फार आहे. काटा टेकतोय."

"अरे, जाऊन बघून ये रे," चिटणीसांनी शिपायाला पिटाळलं. तो गेला आणि आला. "कायपन नाय सायेब. पत्रा हाय नुसता, भिंतीला टेकवलेला."

चिटणीसांनी घसा साफ केला. "ठीक आहे. झालं तर मग. मेजरसाहेब, आपल्याला उगीच त्रास. खोली उद्या रिकामी होईल."

मास्तर उठून आमच्या दिशेनं निम्म्यावर आले. काळोखात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ती हिरवी खूण पोटाशी घट्ट धरलेली मला दिसली. "हा डबा खोटं बोलत नाही," ते म्हणाले. मग ते पुन्हा म्हणाले, पण अगदी हळू, स्वतःशीच, "असं कसं होईल?"

वर्गात चाळीस पोरं खिदळत असताना न डगमगणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्यावर संशय घेतोय, हे मला बघवेना. माझा हात कुणीतरी घट्ट धरला होता. वहिनींचा हात होता.

मग तो सुटला.

"शेगडी आहे तिथं," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या.

सगळे वळले.

"पत्र्यामागं शेगडी आहे. माझी. चहाचं आधण ठेवलंय." त्या चालत मैदानात गेल्या. "मुंबईहून पाहुणे येणार, सैन्यातला माणूस, त्यांना चहा न देता पाठवायचं? निखारे दिसू नयेत म्हणून पत्रा लावला. ह्याला मीच सांगितलं होतं, काही बोलू नकोस."

"बाय बोलली, मी काय करू?" शिपाई पुटपुटला.

मग मास्तर जे ओरडले, ते ऐकून झाडावरचे पक्षीसुद्धा उडाले असतील. "पत्रा! पत्रा तापला! निखारा दिसत नाही, उजेड नाही, नुसता काळा पत्रा, आणि ह्यानं तो पाहिला!" ते मेजरांकडे धावले आणि डबा त्यांच्या छातीशी धरून म्हणाले, "साहेब, सैन्यानं लपवलेला ट्रक कुणीही शोधील. माझ्या बायकोनं लपवलेलं मला आजपर्यंत घरात कधी सापडलं नाही. ते ह्यानं शोधलं!"

मेजर हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग उघड. शेगडी लांब नेऊन तिच्यावर पाणी ओतायला लावलं, पत्रा विहिरीच्या पाण्यानं थंड केला, आणि डबा पुन्हा फिरला. या वेळी तो सरळ चिंचेपाशी जाऊन थांबला. ट्रक तिथंच होता.

निखाऱ्यांवर पाणी ओतण्याआधी वहिनींनी चहा तेवढा उतरवून घेतला होता. मेजरांनी तो मैदानात उभ्या-उभ्याच घेतला, डबा हातात तोलून बघितला आणि म्हणाले, "एक चालतो. एकानं सैन्य चालत नाही. अगदी असेच दहा करा, मग मला कळवा." आणि चिटणीसांकडे वळून, "तोवर यांची खोली काढू नका. ढोल कुठंही राहतात."

पुढचं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलंय. मेजरांची बदली झाली. मास्तरांना दुसरा बघणारा खडा मिळाला नाही. तिसराही नाही. कल्याणचा म्हातारा वारला आणि त्याच्या मुलानं सुरमा सोडून कंगवे ठेवले. मास्तर निवृत्त होईपर्यंत खोली त्यांच्याकडे राहिली आणि ते रोज संध्याकाळी तिथं आंधळे खडे तपासत बसले. लेझमा हेडमास्तरांच्या खोलीत राहिल्या, आणि कुणी जोरात दार लावलं की वाजायच्या.

पण त्या रात्री घरी निघताना वहिनी आणि मी मागे राहिलो होतो. मास्तर पुढे मेजरांच्या ट्रकपाशी उभे राहून ड्रायव्हरला झळ आणि धग यांतला फरक सांगत होते. वहिनींच्या हातात रिकामी किटली होती. मी म्हटलं, "वहिनी, गप्प बसला असता तर उद्यापासून सर संध्याकाळी घरी असते."

"ठाऊक आहे."

"मग बोललात कशाला?"

किटली या हातातून त्या हातात घेत त्या म्हणाल्या, "अगं, 'असं कसं होईल' म्हणाले, ते ऐकलंस ना तू? तसा मोडलेला माणूस घरी नेऊन बसवायचा आणि जन्मभर त्याला वाढायचं? मला नाही जमलं. त्यापेक्षा उशिरा येऊ देत. येतात ते हे तरी असतात."